सीमोल्लंघनाच्या वाटेवरची पाळत

विजयादशमीच्या सायंकाळी हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावणाचा पुतळा पेटतो, तेव्हा पंचक्रोशीतून आलेल्या आबालवृद्धांच्या मुखातून एकच जयघोष उठतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला हा दसरा केवळ एका शहराचा नव्हे. कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा अशा सगळ्या भागांतील कुटुंबे या दिवसांत हिंगोलीची वाट धरतात. लहानांना खांद्यावर घेऊन, आपट्याची पाने पदरात बांधून परतणाऱ्या या गर्दीच्या मनात सेतुबंधन असते, लक्ष्मणाची मूर्च्छा असते, कुंभकर्णाचा वध असतो. किष्किंधेत सुग्रीवाने केलेली पूर्वतयारी मात्र सहसा कोणाला आठवत नाही. आणि खरे पाहता लंकेचा अर्धा विजय तेथेच झाला होता.

वाल्मीकींनी किष्किंधाकांडात ही तयारी सविस्तर सांगितली आहे. सीता कोठे आहे हे ठाऊक नसताना सैन्य हलवणे व्यर्थ, हे सुग्रीवाने ओळखले. त्याने शोधासाठी चार तुकड्या केल्या. पूर्वेस विनत, पश्चिमेस सुषेण, उत्तरेस शतबली आणि दक्षिणेस अंगदाच्या नेतृत्वाखाली हनुमंत, जांबवंत, नील असे निवडक वीर. प्रत्येक तुकडीला तिच्या दिशेचे पर्वत, नद्या आणि प्रदेश त्याने आधी समजावून दिले. महिन्याभराची मुदत घातली. रामाने हनुमंताच्या हाती आपली अंगठी दिली, ती शोभेसाठी नव्हे. परक्या मुलखात भेटलेल्या दूताची ओळख कशी पटावी, या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुढे लंकेत शिरताना त्या महाबलीने आपले रूप लहान केले आणि रात्र होण्याची वाट पाहिली. बळ असूनही ते आवरून धरणे हे पाळत ठेवणाराचे पहिले व्रत होय.

हे सारे आज स्मरण्याचे कारण असे की, ज्या हिंगोलीत ही रामलीला रंगते, त्याच हिंगोलीच्या भूमीवर, हा दसरा सुरू होण्याच्या अवघ्या वीस-पंचवीस वर्षे आधी, अशीच एक शोधमोहीम येऊन ठेपली होती. तिचाही दसऱ्याशी निकटचा संबंध होता. फक्त तो संबंध अंगावर काटा आणणारा होता. आम्ही बोलत आहोत ते ठगांविषयी.

हिंगोली त्या काळी निजामाच्या राज्यातील लष्करी छावणी होती. आजही शहरातील रिसाला बाजार, तोफखाना ही नावे त्या छावणीची साक्ष देतात. वऱ्हाडच्या सीमेजवळचे हे ठाणे; पैनगंगा ओलांडली की मुलूख बदलत असे. छावणी म्हटली की बाजार आला, बाजार आला की सावकार, कापडाचे व्यापारी, बैलांचे तांडे, रजेवर निघालेले शिपाई आणि त्यांच्या कमरेला बांधलेली साठवलेली कमाई, हे सर्व आलेच. औंढ्याच्या नागनाथाला, माहूरच्या रेणुकेला जाणारे यात्रेकरू याच मुलखातून चालत. रेल्वे नव्हती, तार नव्हती. घरून निघालेला माणूस चार महिने परतला नाही तर नदीला पूर आला असेल, पटकीने गाठले असेल, वाघाने नेले असेल, असे म्हणून घरची मंडळी कपाळाला हात लावत. शिपाई परतला नाही तर पलटणीच्या दप्तरात तो पळून गेला अशी नोंद होई. बेपत्ता माणसाची दाद घेणारे कोणी नव्हते.

ठगांचा धंदा या मौनावरच चाले. पावसाळा ते घरी काढत, शेती करत, गावच्या पाटलाला वाटा देत. दसरा झाला, चिखल वाळला, नद्यांना उतार पडला की त्यांच्या टोळ्या बाहेर पडत. राजे मोहिमेवर निघत तोच हा मुहूर्त. आपण शस्त्रे पूजतो, नांगर, वह्या, तराजू पूजतो; ते ज्या कुदळीने खड्डे खणायचे ती कुदळ पूजत. भवानीचे नाव घेत आणि शकुन पाहत. या टोळ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते आणि दोघेही त्याच देवीचा हवाला देत. ज्या जगदंबेने महिषासुराला मारून त्रैलोक्य निर्भय केले, तिच्या उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी निःशस्त्र वाटसरूंचे गळे आवळण्यास निघणे यास भक्ती म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. त्यांचे काही निर्बंधही होते म्हणतात. स्त्रीला मारू नये, कावडीने गंगाजल नेणाऱ्यास मारू नये. पण हा दुसरा निर्बंध पात्रे भरलेली असेपर्यंतच! रिकामी कावड घेऊन परतणाऱ्या भाविकाला त्यांच्या धर्मशास्त्रात अभय नव्हते.

पण ज्याकडे वाचकांचे लक्ष वेधायचे ते वेगळेच आहे. हे लोक स्वतः पाळत ठेवण्यात अत्यंत निष्णात होते. त्यांची टोळी म्हणजे कामाची काटेकोर वाटणी केलेला संघ. बातमी काढून आणणारा तिल्हाई वेगळा, गोड बोलून वाटसरूचा विश्वास मिळवणारा सोथा वेगळा, जागा हेरणारा वेगळा, रुमाल टाकणारा वेगळा आणि खड्डे खणणारा लुघा वेगळा. एखादा श्रीमंत प्रवासी दिसला की दोन-चार माणसे त्याच्यापुढे, दोन-चार मागे आणि एक-दोघे त्याच्यासोबत, असे दिवसेंदिवस चालत. त्याने काय खाल्ले, कोणाला किती पैसे दिले, कोणत्या मुक्कामी त्याचे नातलग आहेत, हे सर्व टोळीला कळे. कधी कधी तर खड्डा आधी खणून तयार असे आणि माणूस नंतर तेथे पोहोचे. सोथ्याचे ठरलेले बोलणे काय, तर पुढचा रस्ता चोरांचा आहे, एकट्याने जाऊ नका, आमच्यासोबत चला. यात्रेला निघालेल्या माणसाला ‘सोबत’ या शब्दाइतका दिलासा दुसरा कोणता असतो?

हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक व्यापारी राहत असे. चार लोकांत मान असलेला, व्यवहाराला चोख. छावणीतले गोरे अधिकारी त्याच्याकडून माल घेत. फिलिप मेडोज टेलर या निजामी फौजेतील अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत या हरीसिंगाची हकीकत दिली आहे. कादंबरी कल्पित असली तरी प्रस्तावनेतील ही हकीकत त्याने स्वतः पाहिलेली म्हणून सांगितली आहे. त्याचे स्वतःचेही या व्यापाऱ्याशी देणेघेणे झाले होते. हरीसिंगाला सुगावा लागला की हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे. त्याने काय करावे? तो जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला आणि मुंबईहून कापड आणण्यासाठी रीतसर परवाना मागितला. परवाना मिळाला. मग वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारून तोच माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. ज्यांनी परवाना दिला त्यांच्याच लोकांनी कदाचित ते कापड अंगावर घातले असेल. ही गोष्ट कोणालाही उमगली नाही. पुढे पकडला गेल्यावर त्यानेच ती सांगितली, आणि सांगताना एखादी मजा केल्यासारखी सांगितली.

आमच्या मते ठगीच्या साऱ्या इतिहासात या परवान्याइतकी बोलकी वस्तू दुसरी नाही. छावणीच्या वेशीवर पहारे होते, प्रत्येक परक्यावर नजर होती. ओळखीच्या माणसावर मात्र नजर नव्हती.

मग अशा माणसांवर पाळत ठेवावी कशी? नुसते शिपाई वाढवून हे काम होणार नव्हते. १८१० मध्येच कंपनीच्या सेनापतीने शिपायांना ताकीद दिली होती की वाटेत अनोळखी लोकांची सोबत धरू नका, रोकड जवळ बाळगू नका, हुंडी करा. सल्ला उत्तम होता. परंतु धोका टाळणे वेगळे आणि धोक्याचे मूळ शोधणे वेगळे. खुद्द टेलरच्या हातून ही संधी निसटली. १८२९ च्या सुमारास निजामी मुलखाच्या नैर्ऋत्य भागात तो पोलिसांचा कारभार पाहत होता. रस्त्याकडेला प्रेते सापडत होती, मारणारे सापडत नव्हते. त्याला संशय आला, शोध घेण्यासाठी तेथेच राहू द्यावे अशी त्याने विनंती केली. वरिष्ठांनी ती नाकारून त्याला पलटणीत परत बोलावले. राहू दिले असते तर ठगीचा भेद आपणच प्रथम केला असता, ही हळहळ त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केली आहे.

हा भेद केला तो विल्यम स्लीमन याने, मध्य हिंदुस्थानात. त्याचीही सुरुवात नामुष्कीनेच झाली होती. १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूरचा अधिकारी असताना त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील गावात ठगांची वस्ती होती आणि त्याला पत्ता नव्हता. मात्र १८३० पासून त्याने जी तयारी केली ती पाहण्यासारखी आहे. सुग्रीवाने तुकड्यांना आधी भूगोल सांगितला, तसे स्लीमनने आधी कागद तयार केले. पकडलेल्या ठगांपैकी काहींना जीवदान देऊन माफीचे साक्षीदार केले. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवून एकाच मोहिमेची हकीकत निरनिराळ्या जबान्यांत उतरवली आणि मग त्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. कोण कोणाचा मुलगा, कोणाची सोयरीक कोठे, कोणत्या टोळीत कोण कोणत्या वर्षी होता, यांच्या वंशावळी रचल्या. आपल्याकडे तीर्थक्षेत्रीचे उपाध्ये यजमानांच्या पिढ्या वहीत जपतात; येथे मारेकऱ्यांच्या पिढ्या वहीत उतरत होत्या. नकाशावर खुनांच्या जागा टिपल्या. ठगांची गुप्त बोली शब्दाशब्दाने गोळा करून १८३६ मध्ये ‘रामसीआना’ या नावाने छापली, म्हणजे धर्मशाळेत शेजारी बसलेला माणूस काय कुजबुजतो ते समजावे.

हे कागद हाती आल्यावर तुकड्या निघत. थोडे नजीब म्हणजे हत्यारी प्यादे आणि त्यांच्यासोबत एक-दोन माफीचे साक्षीदार, अशी त्यांची रचना असे. साक्षीदाराने चेहरे ओळखायचे, नजिबांनी धरायचे आणि साक्षीदार निसटणार नाही याकडेही लक्ष ठेवायचे. म्हणजे पाळत दुहेरी. वेळही विचारपूर्वक साधावी लागे. दसऱ्यानंतर रस्त्यावर, पावसाळ्यात घरी. आणि सर्वांत अवघड भाग होता तो सीमेचा. ठग एका राज्यात खून करीत, दुसऱ्यात माल विकत आणि तिसऱ्यात घरी जाऊन राहत. कंपनीचा मुलूख, निजामाचा, भोसल्यांचा, होळकरांचा, शिंद्यांचा. प्रत्येकाचा पोलीस आपल्या वेशीशी थबके. दरबारोदरबारी असलेल्या रेसिडेंटांमार्फत या तुकड्यांना कोणत्याही राज्यात शिरण्याची मुभा मिळवणे, ही मोहिमेची खरी पूर्वतयारी ठरली. ठगांनी आपल्या सीमोल्लंघनाचा बाजार मांडला होता. त्यांच्या मागावर निघणाऱ्यांनाही सीमोल्लंघन शिकावे लागले.

निजामाच्या राज्यातील काम पुढे रेनॉल्ड्सच्याच हाती आले, तेच ते हरीसिंगाला परवाना देणारे. १८३३ च्या सुमारास टेलर दिवसामागून दिवस ठगांच्या जबान्या लिहून घेत होता. आणि या जबान्यांची खातरजमा बोलण्यावरून नव्हे, जमिनीवरून होत असे. साक्षीदाराने जागा दाखवायची, तेथे खणायचे आणि सांगितलेली संख्या सापडते का ते पाहायचे.

हिंगोलीत हेच झाले. छावणीच्या भरबाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली गेली होती. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर ती पुरली होती. कयाधूचे खोरे ज्यांनी पाहिले आहे त्यांना नदीला येऊन मिळणारे ते अरुंद, कोरडे ओहळ माहीत असतील. टेलरच्या वर्णनातील जागा म्हणजे नदीकडे जाणारा असाच एक चरासारखा ओहळ, शेजारच्या गावाला जाणाऱ्या वर्दळीच्या रस्त्यालगतचा. साक्षीदार एकामागून एक खड्डे दाखवत गेले, शेतातली बांधाची खूण दाखवावी इतक्या शांतपणे. प्रत्येक खड्ड्यात एकाहून अधिक देह. टेलर स्वतः तेथे उभा होता.

कोण होती ही माणसे? कोणी रजेवर निघालेला शिपाई असेल, कोणी बाजार करून परतणारा वाणी, कोणी नागनाथाचे दर्शन घेऊन आलेला. त्यांना अग्नी मिळाला नाही, तिलांजली मिळाली नाही. त्यांच्या घरी कोणाच्या नावाने पान वाढायचे की अजून वाट पाहायची, हा निर्णय कित्येक वर्षे झाला नसेल. कुंकू पुसायचे की ठेवायचे, याचे उत्तर त्या ओहळात होते. या मोहिमेने दिलेले हे सर्वांत मोठे दान आहे, असे आम्हांस वाटते. मेलेल्यांचा ठावठिकाणा लागला.

मात्र या मोहिमेची आरती ओवाळून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिची हत्यारे धारदार होती आणि ती दोन्ही बाजूंनी कापत. माफीच्या साक्षीदाराचे जीवदान तो आणखी किती नावे सांगतो यावर अवलंबून. असा माणूस जुने वैर उगवणार नाही याची शाश्वती कोण देणार? फिरंगिया हा प्रसिद्ध ठग हाती यावा म्हणून त्याची आई, बायको आणि मूल यांना धरून ठेवण्यात आले होते. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर अमुक खून केला हे सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत कधीही, कोठेही सामील होता एवढे ठरले की जन्मठेप. सरकारी हिशेबानुसार १८३१ ते १८३७ या सात वर्षांत तीन हजारांहून अधिक लोकांचा निकाल लागला. त्यांपैकी ४१२ फासावर गेले आणि ४८३ माफीचे साक्षीदार झाले. या आकड्यांत निरपराध किती, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. देवीभक्तीचे जे भयानक चित्र त्या दप्तरांनी जगापुढे मांडले, तेही गोऱ्या साहेबाच्या नजरेने रंगवलेले आहे, असे आजचे काही अभ्यासक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. लुटीसाठी खून करणारे लोक देवीचे नाव घेत. म्हणून ते देवीच्या आज्ञेने खून करत, असे ठरत नाही. हिंगोलीच्या ओहळात जे सापडले ते मात्र कोणाच्या रंगवण्याने आलेले नव्हते.

पाळतीच्या या वह्यांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. वंशावळीत ज्याचे नाव, तो जन्मतःच संशयित, ही खोड सरकारला लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तिला विधीचे रूप दिले आणि पुढे पारध्यांसह कित्येक जमातींच्या माथी तो शिक्का बसला. ज्यांनी कधी कोणाचा गळा आवळला नाही अशांच्या नातवंडांना हजेरी द्यावी लागली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. गावकुसाबाहेरच्या पालांकडे पाहणारी नजर किती बदलली, ते ज्याचे त्याने पाहावे. हरीसिंगावर कोणी नजर ठेवली नव्हती, कारण तो प्रतिष्ठित होता. आणि या पालांवरची नजर हटत नाही, कारण ती पाले आहेत.

रामायणात याच्या उलट एक प्रसंग आहे. लंकेच्या वेशीवर रामाचा तळ पडला असता रावणाने शुक आणि सारण या दोघांना वानरांचे रूप घेऊन हेरगिरीसाठी पाठवले. बिभीषणाने त्यांना अचूक ओळखले, कारण तो त्यांच्यातलाच होता. येथे आम्हांला नकळत त्या माफीच्या साक्षीदारांची आठवण होते, जरी बिभीषणाशी त्यांची बरोबरी करणे हा अपराध होईल. हेरांना रामापुढे उभे केले. त्यांनी प्राणाची आशा सोडली होती. रामाने त्यांना मारले नाही. सैन्य पाहून झाले नसेल तर पुन्हा नीट पाहून घ्या, असे सांगून सोडून दिले.

टेलरचा तो उत्खननाचा दिवस असाच अपुरा राहिला. एकामागून एक खड्डे उघडत गेले, तेव्हा उभे असलेल्यांना ते पाहवेना. मळमळून आले आणि त्यांनी पुढचा शोध तेथेच थांबवला. उरलेले खड्डे कोणी उघडले नाहीत. दसऱ्याच्या संध्याकाळी गावाची वेस ओलांडून शिलंगणाला गेलेली मंडळी आपट्याची पाने घेऊन परततात, तेव्हा कयाधूकडच्या ओहळांवर अंधार उतरलेला असतो.